पीएसफाइव, एक्सबॉक्स की स्विच टू? तिन्ही एकाच टीव्हीवर खेळून झाल्यावर माझं मत

सरळच सांगते. गोव्यात राहत असाल, एकाच कन्सोलपुरते पैसे असतील आणि मित्रमैत्रिणींबरोबर, भावंडांबरोबर खेळणार असाल तर सोनीचा पीएसफाइव, म्हणजे प्लेस्टेशन फाइव घ्या, आणि तोही सीडीवाला, सीडीची जागाच नसलेला डिजिटल अजिबात नको. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स सिरीज एस मशीन म्हणून मला फार आवडते पण ही शर्यत ती हरलीय. आणि निन्टेंडोचा स्विच टू म्हणाल तर घरात सगळ्यात जास्त हसणं त्याच्यामुळे होतं, फक्त तो आपल्या इथे रीतसर मिळत नाही आणि तिथेच सगळं अडतं.

नुसते व्हिडिओ बघून लिहीत नाहीये. पीएसफाइव माझा आणि भावाचा, अर्धे अर्धे पैसे घालून घेतलेला, फोंड्याच्या घरी असतो. सिरीज एस डिचोलीच्या आतेभावाची, ती तो चवथीला कपड्यांच्या बॅगेत घालून घेऊन येतो, एवढीशी आहे ती. स्विच टू काकांचा, काका तारवटी, क्रूझवर असतात, सुट्टीवर येताना बाहेरून घेऊन आले. त्यामुळे आरत्या आणि भजनं आटपली की हॉलमध्ये तिन्ही एकाच टीव्हीला लागतात आणि मग कोण वरचढ यावरून जे सुरू होतं ते आजी आतून ओरडेपर्यंत चालतं.

वाद तसा आमच्या जन्माआधीचा. तेव्हा निन्टेंडो आणि सेगा भांडायचे, आपल्याकडे मात्र त्यातलं कोणीच धड पोचलेलं नव्हतं, आपल्याकडे समुराई नाहीतर मीडियाचा टीव्ही गेम आणि पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं, आत तेच ते मारिओ आणि कॉन्ट्रा. सोनी यात आली तीच मुळी रागाने, १९९१ मध्ये निन्टेंडोने सोनीबरोबर सीडीवाला कन्सोल करायचं ठरवून ऐनवेळी फिलिप्सचा हात धरला आणि सोनीच्या केन कुतारागींनी मग स्वतःचाच प्लेस्टेशन काढला. २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्ट बंद करून कन्सोल बनवणंच सोडलं, आणि पीएसटू पुढे १६ कोटींवर खपला, आजपर्यंत दुसरा कुठला कन्सोल इतका खपल्याचं कोणी जाहीर केलेलं नाही. आमच्या ओळखीत ज्याच्या घरी पीएसटू होता त्याच्याकडे तो बहुतेक कॉपी केलेल्या सीड्या चालाव्यात म्हणून चिप मारलेलाच असायचा, आणि जीटीए व्हाइस सिटी या गेमची सीडी इतकी घासलेली की मिशनच्या मधोमध अडकायची. पण खेळायला शिकलो आम्ही सगळे त्याच्यावरच.

आता एकेक बघू.

पीएसफाइव भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, सीडीवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९०, आणि प्री-ऑर्डर उघडली तशी काही मिनिटांत संपली. पुढे किंमत वाढली, एप्रिल २०२४ मध्ये स्लिम, म्हणजे त्याचाच लहान मॉडेल, आला तो ५४,९९० ला. जुना मॉडेल ३९ सेंटीमीटर उंच आणि साडेचार किलोचा, आमच्या शोकेसमध्ये तो उभा राहीना आणि आडवा ठेवला तर दार लागेना, शेवटी सुताराला बोलावून एक फळी काढून घेतली. स्लिम त्या मानाने बरा आहे, आता घेणाऱ्यांना हा त्रास नाही.

पण कंट्रोलर हातात घेतला की हे सगळं विसरायला होतं. त्याच्याबरोबर अॅस्ट्रोज प्लेरूम नावाचा छोटा गेम फुकट येतो, बरेच लोक तो न उघडता थेट फुटबॉल लावतात, तसं करू नका. त्यात एका ठिकाणी पाऊस लागतो आणि थेंब तुमच्या तळव्यात पडतात. म्हणजे सगळा कंट्रोलर एकदम थरथरतो असं नाही, वेगवेगळ्या जागी बारीक बारीक टिकटिक जाणवते, डावीकडे एक, मग उजवीकडे दोन. बाहेर जुलैचा पाऊस कौलांवर धो धो पडत होता आणि आत हातात हा पाऊस, मी तो भाग मुद्दाम पुन्हा पुन्हा जाऊन खेळले. मागची बटणं, म्हणजे एलटू आरटू, ती गेमप्रमाणे कडक सैल होतात, ग्रान टुरिस्मो सेव्हनमध्ये जोरात ब्रेक दाबला की पायाखालचं पेडल बोटाखाली आल्यासारखं वाटतं. बाकीच्या दोघांकडे हे नाही. नुसत्या ताकदीच्या आकड्यांत बघितलं तर सिरीज एक्स, म्हणजे सिरीज एसची मोठी बहीण, पुढे आहे, बारा टेराफ्लॉप विरुद्ध पीएसफाइवचे सव्वादहा, पण हॉलमध्ये आठ फुटांवर बसून कोणीच मला त्यातला फरक दाखवू शकलेलं नाही.

आणि फुटबॉल. गोव्यात फुटबॉलशिवाय कन्सोलचं बोलणंच पुरं होत नाही. फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि पहिल्यांदा एफसी गोवा घेऊन खेळता आलं, तो केशरी जर्सी स्क्रीनवर बघून आमच्या हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या वाड्यावर गेला असणार. फातोर्ड्याचं मैदान गेममध्ये नाही, त्याची मला खरंच हळहळ वाटते, ईस्ट स्टँडमधून मॅच बघितलेल्या माणसाला परक्या मैदानावर आपली टीम बघून कसंतरीच होतं. पण भाऊ अजून मोहन बागानविरुद्ध गोवाच घेतो, मग समोरच्याने कितीही तगडी टीम घेऊ दे. आता हा गेम एक्सबॉक्सवरही तसाच आहे, आणि फिफा २३ पासून पीएसफाइववाला आणि सिरीज एसवाला एकमेकांशी ऑनलाइन खेळू शकतात, म्हणजे मित्राकडे जे आहे तेच घ्या हा जुना हिशेब फुटबॉलपुरता तरी बदलला. आतेभाऊ हा मुद्दा दरवेळी काढतो आणि तो बरोबरच आहे.

मग पीएसफाइवच का? सीडी.

नवीन मोठा गेम पाच हजाराच्या घरात जातो. हा आकडा नोकरी करणाऱ्यालाही जड आहे आणि कॉलेजच्या पोरांना तर परवडूच शकत नाही. आमच्याकडे ते असं चालतं: एकाने एक गेम घ्यायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि मग सीड्या फिरतात. आमची स्पायडरमॅनची सीडी फोंड्याहून कवळ्याला गेली, तिथून म्हार्दोळला, मग कोणीतरी ती कामाला जाताना बसमधून पणजीला नेली आणि महिन्यांनी ती कव्हरच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावून परत आली, आत दुसऱ्याच कोणाच्या हस्ताक्षरात चिठ्ठी, “मस्त गेम, थँक्यू ताई”. मी त्या माणसाला अजून ओळखत नाही. त्या बदल्यात माझ्याकडे जे गेम आले ते विकत घ्यायचे म्हटले असते तर दुसरा कन्सोल आला असता. गेम संपला आणि फिरवायचा नसेल तर विकायचा, निम्म्याहून जरा कमी पैसे सुटतात, त्यात थोडे घालून दुसरा. आणि पीएसफोरच्या जवळजवळ सगळ्या सीड्या पीएसफाइवमध्ये चालतात, म्हणजे दहा वर्षांचा साठा गावात आधीच पडलेला आहे. डिजिटल मॉडेल घेतलात की हे सगळं बंद. स्लिमच्या वेळी दोघांत दहा हजारांचा फरक होता, तो फरक सीडीवाल्याने पहिल्या वर्षातच भरून काढला असता.

हे मी उगाच ताणत नाहीये, मागची लढाई सोनीने याच मुद्द्यावर मारली होती. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा मायक्रोसॉफ्टने ठरवलेलं की कन्सोलने दिवसातून एकदा तरी इंटरनेटला जोडलं गेलं पाहिजे, आणि वापरलेली सीडी दुसऱ्याला द्यायची तर त्यावर बंधनं. सोनीने त्याच जूनमध्ये एक छोटासा व्हिडिओ टाकला, पीएसफोरवर गेम कसा शेअर करायचा ते दाखवणारा, त्यात सोनीचे शुहेई योशिदा समोरच्याला गेमची डबी हातात देतात, तो थँक्स म्हणतो, व्हिडिओ संपला. वर किंमतही शंभर डॉलर कमी, ३९९ विरुद्ध ४९९. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने ते सगळे नियम मागे घेतले पण लोकांच्या मनातून जे उतरलं ते उतरलं, पीएसफोर पुढे ११.७ कोटी गेला आणि मायक्रोसॉफ्टने किती विकले ते सांगणंच २०१५ मध्ये बंद केलं.

तरी सिरीज एसबद्दल चांगलं ते चांगलंच म्हणणार. १० नोव्हेंबर २०२० ला भारतात जगाबरोबरच आली, पीएसफाइवसारखी अडीच तीन महिने वाट बघायला लावली नाही, किंमत ३४,९९०, वजन दोन किलोच्या आत. आवाज जवळजवळ नाहीच. क्विक रिझ्यूम म्हणून जे आहे ते मला पीएसफाइववर हवं होतं, चार पाच गेम अर्ध्यावर सोडा आणि उद्या जिथे होतात तिथून पुढे. आपल्यासाठी मोठी गोष्ट ही की मशीन झोपवून ठेवलेली असताना लाईट गेली आणि आली तरी गेम त्याच जागी मिळतो. पीएसफाइव रेस्ट मोडमध्ये असताना लाईट गेली तर आल्यावर तो तक्रारीचा मेसेज दाखवतो, स्टोरेज तपासतो, आणि तुमचा अर्धवट गेम गेलेला असतो, सेव्ह केलं तेवढंच खरं. कंट्रोलरला साधे पेन्सिल सेल लागतात, याला लोक नावं ठेवतात, मला उलट बरं वाटतं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि दहा वर्षांनीही मिळतील.

जागेची मात्र पंचाईत आहे. ५१२ जीबी लिहिलंय, वापरायला मिळते ३६४ च्या आसपास, त्यात कॉल ऑफ ड्यूटी एकटाच घर बळकावून बसतो. सीडी घालायची सोयच नाही. म्हणजे तिचा सगळा डोलारा गेम पासवर, मायक्रोसॉफ्टच्या दरमहा पैसे भरायच्या योजनेवर. आणि गेम पास जोपर्यंत स्वस्त होता तोपर्यंत मीच लोकांना सांगत होते की घ्या सिरीज एस, महिन्याला थोडे पैसे आणि शेकडो गेम, पोराने शाळेतून यावं आणि रोज नवीन काहीतरी लावून बघावं. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये अल्टिमेटचा, म्हणजे गेम पासच्या सगळ्यात वरच्या प्लॅनचा दर ८२९ वरून १,३८९ झाला. त्या दराने वर्षाचे १६,६६८ रुपये! त्यात तीन नवीन गेम येऊन वर पैसे उरतात, आणि ते गेम तुमचे राहतात, फिरवता येतात, विकता येतात. खालचे स्वस्त प्लॅन आहेत, पण ज्यासाठी गेम पास घ्यायचा ते नवे मोठे गेम पहिल्याच दिवशी मिळणं त्यात नाही. आतेभावाने अल्टिमेट बंद केला त्या दिवशी त्याची मशीन निम्म्याने रिकामी झाली असं तोच म्हणाला.

त्याहून मोठं असं की मायक्रोसॉफ्टलाच आता डबा विकण्यात तेवढा रस दिसत नाही. २०२३ मध्ये ६८.७ अब्ज डॉलर घालून अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी घेतली, इतक्या पैशात काय नाही केलं असतं, आणि मग स्वतःचे गेम समोरच्याच्या कन्सोलवर द्यायला सुरुवात केली. गाड्यांच्या शर्यतीचा फोर्झा होरायझन फाइव एप्रिल २०२५ मध्ये पीएसफाइववर आला, ऑगस्टमध्ये गिअर्स ऑफ वॉर आला, आणि हेलो, ज्याच्यासाठी लोक पहिल्यापासून एक्सबॉक्स घेत होते तो हेलोसुद्धा पीएसफाइवसाठी जाहीर झाला. आतेभावाला मी हे चिडवायला सांगत नाही, त्याला खरंच लागलेलं आहे ते. फोर्झा खेळायला म्हणून त्याने सिरीज एस घेतली आणि तोच गेम आज तो आमच्या घरी येऊन आमच्या कंट्रोलरवर खेळतो. व्यवहार म्हणून मायक्रोसॉफ्टचं बरोबर असेल, जास्त लोकांना गेम विकले जातील, पण मग नवीन माणसाने डबा कशाला घ्यायचा? याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. सिरीज एक्स तर इथल्या दुकानांत विचारला की दुकानदारच म्हणतो, “मागवून बघतो हं, पण सांगत नाही”.

स्विच टूवर मी मनापासून जीव लावला असता. ५ जून २०२५ ला बाहेर आला, चार दिवसांत ३५ लाख विकले गेले, सप्टेंबर संपेपर्यंत एक कोटीच्या वर. पहिला स्विच १५ कोटींच्या पुढे गेलेला आहे, म्हणजे जगात निन्टेंडो कोणाशी लढतच नाहीये, ती आपल्या वेगळ्याच मैदानात जिंकून बसलीय. चवथीला खरी परीक्षा होते. पीएसफाइव लावला की आम्ही चौघं खेळतो आणि बाकीचे बघतात. स्विच लावला की वहिनी खेळते, मामी खेळते, आठ वर्षांची भाची तर सगळ्यांना मागे टाकून जाते. मारिओ कार्टमध्ये सगळ्यात मागे असलेल्याला सगळ्यात भारी हत्यार मिळतं त्यामुळे शेवटच्या वळणावर काहीही होतं, आजी नेवऱ्यांचं ताट घेऊन आली ती उभ्या उभ्या बघत राहिली आणि “अगो, त्या हिरव्याला मार गो” म्हणून ओरडायला लागली. जॉयकॉन, म्हणजे दोन बाजूंचे सुटे कंट्रोलर, आता चुंबकाने लागतात, खटकन. आणि लाईट गेली की तोच काढून हातात घ्यायचा, बॅटरीवर दोन तास तरी चालतो, हलका गेम असेल तर जास्त. पावसात आमच्याकडे ही सोय सोन्यासारखी आहे.

पण निन्टेंडो भारतात तो विकतच नाही. बाहेरून आणलेला किंवा आयात करणाऱ्याकडून घेतलेला, दुकानदार सांगेल ती किंमत, वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. गेम घ्यायला दुसऱ्या देशाचं अकाउंट उघडायचं, मग तिथे आपलं कार्ड चालत नाही म्हणून गिफ्ट कार्ड शोधायचं. जॉयकॉनवरची अंगठ्याने फिरवायची काडी आपोआप सरकण्याचा आजार पहिल्या स्विचला इतका होता की २०२० मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष फुरुकावा यांनी माफी मागितली, असं काही झालं तर मुंबई सोडा, देशात कुठेच कंपनीचं दार नाही. घरात कोणी बोटीवर किंवा आखातात असेल तर जरूर मागवा, नाहीतर एवढे पैसे घालून मी नाही घेणार. आणि काही गेमच्या कार्डात आता गेमच नसतो, नुसती किल्ली असते, सगळा गेम डाउनलोडच करायचा, इथे तासन्‌तास जातात.

असंच पीएसफाइव प्रोचं, म्हणजे पीएसफाइवच्या जास्त ताकदीच्या मॉडेलचं. ७ नोव्हेंबर २०२४ ला जगात आला पण सोनीने भारतात आणला नाही, कारण त्याचं वायफाय सहा गिगाहर्ट्झच्या बँडवर चालतं आणि आपल्याकडे तेव्हा त्याला परवानगी नव्हती. आयात केलेला प्रो लाखाच्या आसपास सांगतात. नको.

गोव्यासाठी एक वेगळं सांगायचंय जे मुंबई पुण्याच्या रिव्ह्यूत येत नाही. जून ते सप्टेंबर गडगडाट झाला की प्लग काढा, नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, आणि नेटची केबलसुद्धा काढा, वीज त्यातूनही येते. यूपीएस घेणार असाल तर मोठे गेम चालू असताना पीएसफाइव २०० वॅटच्या आसपास खातो, वर टीव्ही, म्हणजे कॉम्प्युटरचा लहान यूपीएस पुरत नाही. सिरीज एस निम्म्याहून कमीवर चालते, तिला तोच पुरतो. किनाऱ्याला लागून राहणाऱ्यांनी, कांदोळी कोलव्याकडच्यांनी, कन्सोल खिडकीपाशी ठेवू नका, खारा वारा पोर्टना गंज चढवतो. आणि पावसाळ्यात मशीन कपड्यात गुंडाळून महिनोन्‌महिने कपाटात ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी चालू करा, आतली गरमी ओल धरू देत नाही.

मग वर कोण येणार? जगाचा हिशेब केला तर या पिढीत सोनी आणि मायक्रोसॉफ्टमध्ये सोनी, सप्टेंबर २०२५ पर्यंत ८.४ कोटी पीएसफाइव गेलेले, आणि निन्टेंडो बाजूला स्वतःच्या जोरावर. जीटीए सिक्स, ज्या गेमची सगळे वाट बघतायत तो, १९ नोव्हेंबर २०२६ ला ठरलाय, पीएसफाइव आणि सिरीज एक्स-एस एवढ्यांवरच जाहीर झालाय, आणि पीएसफोर धरून बसलेले माझ्या ओळखीचे सगळे तेव्हा हलणार, ते कुठे जाणार हे सांगायला नको, त्यांच्या सीड्या तिथेच चालतात.

मला काळजी आहे ती वेगळी. सिरीज एसमध्ये सीडीची जागाच नाही, २०२४ मध्ये सिरीज एक्सचंही बिनसीडीचं मॉडेल आलं, पीएसफाइव स्लिमचा ड्राइव सुटा निघतो, आणि प्रोबरोबर तर ड्राइव येतच नाही, वेगळा घ्यावा लागतो. सोनीने पुढच्या पिढीत हा ड्राइव काढला तर माझ्यासाठी ती जिंकून हरली. फोंड्यातली कॉलेजची पोरं पाच हजाराला एक गेम घेऊन एकट्याने खेळत बसणार नाहीत, ती मोबाइलकडे जातील, आणि मग गोव्यात कन्सोल फक्त श्रीमंतांच्या घरात दिसेल. म्हणून सांगते, आत्ता घेताना सीडीवाला घ्या, दुकानदाराला सीड्या ठेवायला लावा, जेवढे आपण मागू तेवढेच ते ठेवणार.

सेकंडहँड घेत असाल तर स्वतःची एक सीडी बरोबर न्या आणि तिथेच घालून बघा, आत ओढते का, खरखर करते का, बाहेर देते का, हे तीनदा करा. स्लिमचा ड्राइव बदललेला असेल तर तो पहिल्यांदा इंटरनेटला जोडून ओळख पटवावी लागते, ती झालीय का ते विचारा. कंट्रोलरच्या दोन्ही काड्या मध्ये सोडून दहा सेकंद बघा, स्क्रीनवर काही आपोआप सरकत असेल तर किंमत कमी करून घ्या. पंख्याचा आवाज अर्धा तास गेम चालवल्याशिवाय कळत नाही, विकणारा घाई करत असेल तर उठून या, आणि भारतातलं बिल असल्याशिवाय पैसे देऊ नका.